तळटीप १४ : ओळखीची चिठ्ठी

१४. ओळखीची चिठ्ठी : ज्यांची यादी कुठेच नाही, अशा माणसांपर्यंत त्यांच्याच ओळखीतून पोहोचण्याची पाहणीची रीत. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डग्लस हेकाथॉर्न यांनी १९९७ मध्ये तिला संख्याशास्त्राची बैठक दिली. २००६ मध्ये ऑस्लोतल्या पोलिश स्थलांतरितांची पाहणी याच रीतीने झाली.

ही रीत कुठे लागते, याचे उदाहरण म्हणजे उंबरमाळी. ते मध्य रेल्वेवर खर्डी आणि कसारा यांच्यामधले स्थानक, तालुका शहापूर. इथल्या आणि शेजारच्या मुरबाडमधल्या वाड्यापाड्यांतली अनेक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर उचल (आगाऊ मजुरी) घेऊन भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. २०११ची जनगणना ९ ते २८ फेब्रुवारीत झाली. म्हणजे ऐन भट्टीच्या हंगामात. गावातल्या घरांच्या यादीवरून अशा कुटुंबांना शोधू गेले, तर दाराला कुलूप.

या रीतीत पहिल्या काही जणांची मुलाखत घेऊन प्रत्येकाला साधारण तीन क्रमांकित चिठ्ठ्या देतात. चिठ्ठी घेऊन नवा माणूस आला, की चिठ्ठी देणारा आणि आणणारा, दोघांनाही थोडा मोबदला. ‘तुमच्यासारखी किती माणसे ओळखता?’ हेही विचारतात, कारण दांडग्या ओळखीचा माणूस नमुन्यात सहज येतो. म्हणून हिशेबात त्याचे वजन कमी धरतात.

भट्टीवर अशा पाहणीला मोठा धोका मजूर आणणाऱ्या मुकादमाचा. चिठ्ठ्या त्याच्या हातून वाटल्या, तर त्याने आणलेलीच कुटुंबे पुन्हा पुन्हा समोर येतात आणि उचल फिटली का, या प्रश्नाला मोकळे उत्तर मिळत नाही. पहिली माणसे वेगवेगळ्या भट्ट्यांवरची, बायकाही धरून, निवडणे म्हणूनच आवश्यक.