सुगंधी आयरिस, बाळवेखंड आणि पनवेल : औषधी द्रव्याच्या ओळखीचा ऐतिहासिक मागोवा

औषधी द्रव्यांच्या इतिहासात नाव टिकून राहते. परंतु त्यामागील वनस्पती बदलू शकते. युरोपातील ऑरिस व महाराष्ट्रातील बाळवेखंड यांच्याबाबत हा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरतो. प्रस्तुत लेखात पनवेलमधील औषधनिर्मितीच्या पार्श्वभूमीवर त्याचा विचार केला आहे.

फिकट जांभळ्या, सुवासिक फुलांची आयरिस पॅलिडा ही वनस्पती मूळची दालमेशियाच्या किनारपट्टीची. लामार्क याने १७८९ मध्ये तिचे शास्त्रीय नामकरण केले. तिचे, तसेच आयरिस जर्मॅनिकाचे वाळवलेले मूळकांड म्हणजे ऑरिस. ताज्या मूळकांडास फारसा सुवास नसतो. ते सोलून, वाळवून काही वर्षे साठविल्यावर त्यात आयरोन ही गंधद्रव्ये तयार होतात. टीमान व क्र्यूगर यांनी १८९३ मध्ये यासंबंधीचे संशोधन प्रसिद्ध केले. अत्तरे व दंतमंजने यांत ऑरिसचा वापर होई. दात येणाऱ्या बालकांना चघळण्यासाठीही त्याचे तुकडे दिले जात.

महाराष्ट्रात बाळगुटीत वेखंड उगाळले जाते. मात्र वेखंड म्हणजे अकोरस कॅलॅमस. त्याचे कुळ निराळे. सोळाव्या शतकातील ‘भावप्रकाशा’त वेखंडाचा शुभ्र, पारसीक प्रकार ‘हैमवती’ या नावाने येतो. काही अभ्यासक हैमवती अथवा बाळवेखंड म्हणजे आयरिस जर्मॅनिका मानतात, तर काही पॅरिस पॉलिफिला. पुष्करमूळ या द्रव्याच्या जागीही आयरिसची मूळकांडे वापरली गेली आहेत.

हा मतभेद केवळ शाब्दिक नाही. वेखंडातील बीटा-असारोन या घटकाच्या दुष्परिणामांमुळे अमेरिकेने १९६८ मध्ये खाद्यपदार्थांत त्याच्या वापरास मनाई केली. आयरिसचे रासायनिक घटक वेगळे असल्याने एकाविषयीचा निष्कर्ष दुसऱ्यास लावता येत नाही.

पनवेल हे खाडीकाठचे बंदर व पुण्याच्या मार्गावरील व्यापारी ठिकाण. येथे १८७२ मध्ये वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी धूतपापेश्वर औषधी कारखान्याचा पाया घातला. घरी औषध सिद्ध करणारा वैद्य द्रव्याची पारख रूप, रस व गंध यांवरून करी. कारखानदारीत द्रव्य दूरच्या बाजारातून, पुष्कळदा व्यापारी नावाने येते. त्यामुळे पारखीचा भार लेखी प्रमाणांवर येतो. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कक्षेत आयुर्वेदीय औषधे १९६४ च्या दुरुस्तीने आली, ती याच गरजेतून.

सारांश, जुन्या ग्रंथातील वा दुकानातील नावावरून वनस्पती गृहीत धरणे इतिहासलेखनास व औषधोपचारास सारखेच धोक्याचे आहे. बाळवेखंडाच्या बाबतीत तर त्या नावाशी लहान मुलांचे आरोग्य निगडित आहे.