पांढरी मांजरे : निळे डोळे आणि बहिरेपण

अंगावर एकही रंगीत केस नसलेल्या पांढऱ्या मांजरांत जन्मजात बहिरेपण बरेच आढळते. डोळे निळे असले तर त्याचे प्रमाण आणखी वाढते. हे बहिरेपण कानात मळ साचल्याने किंवा पडद्याला इजा झाल्याने आलेले नसते. पिल्लू काही दिवसांचे असतानाच आतल्या कानातली ध्वनी टिपणारी यंत्रणा निकामी होते आणि पुढे आयुष्यभर सुधारत नाही. डोळ्यांचा निळेपणा हे त्याचे कारण नव्हे. निळा डोळा आणि बहिरा कान या दोन्ही गोष्टी एकाच उणिवेतून येतात.

डोळ्यांचा रंग : मांजराच्या डोळ्यात निळे किंवा हिरवे असे रंगद्रव्य नसतेच. बाहुलीभोवतीच्या कड्यात मेलॅनिन हे एकच गडद द्रव्य कमीजास्त प्रमाणात असते. ते भरपूर असले तर डोळा तांब्यासारखा दिसतो, कमी असले तर पिवळा, मधाळ किंवा हिरवट. कड्याच्या पुढच्या थरात ते जवळजवळ नसलेच, तर आत शिरलेल्या प्रकाशातला निळा भाग विखरून परत येतो आणि डोळा निळा दिसतो. आकाश निळे दिसते ते अशाच विखुरण्यामुळे. माणसाच्या फिक्या डोळ्यांना आपण ‘मांजरासारखे घारे’ म्हणतो, तेव्हा मनात असतात त्या या मधल्या छटा.

पिल्लांचे डोळे साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान उघडतात आणि तेव्हा ते सगळ्यांचेच निळसर असतात. पाचव्या-सहाव्या आठवड्याच्या सुमारास खरा रंग उमटू लागतो. तो पक्का व्हायला तीन-चार महिने, कधी त्याहून जास्त लागतात. महिन्याच्या पिल्लाचे डोळे निळे आहेत एवढ्यावरून कोणताच निष्कर्ष काढू नये, मग विकणारा काहीही सांगो.

उणीव कुठली : मेलॅनिन तयार करणाऱ्या रंगपेशी कातडीत जन्मत नाहीत. गर्भात पाठीच्या मध्यरेषेवर, पुढे मज्जारज्जू होणाऱ्या नळीच्या कडेला त्या तयार होतात आणि तिथून अंगभर पसरत जातात. काही केसांच्या मुळाशी पोचतात, काही डोळ्यांत, काही आतल्या कानात. या प्रवासात पेशी जगाव्यात आणि पुढे सरकाव्यात यासाठी किट नावाचे जनुक लागते. पांढऱ्या मांजरांत या जनुकात एक जुना घुसखोर बसलेला आहे. फार पूर्वी मांजरांच्या पूर्वजांना झालेल्या एका विषाणुसंसर्गाचा अवशेष त्यांच्या जनुकसंचात कायमचा राहून गेला, त्याचाच हा एक तुकडा. 2014 मध्ये संशोधकांनी तो नेमका दाखवून दिला. विषाणूचा जवळजवळ पूर्ण, सुमारे 7,000 अक्षरांचा अवशेष असेल तर मांजर पांढऱ्या ठिपक्यांचे होते आणि त्याचा सुमारे 600 अक्षरांचा टोकाचा तुकडाच उरला असेल तर पूर्ण पांढरे. तुकडा लहान, पण परिणाम मोठा.

हा पांढरेपणा प्रभावी आहे, म्हणजे आईबापांपैकी एकाकडून जनुक आले तरी पुरते. आतून मांजर काळे, पट्ट्यांचे, तिरंगी, कसेही असू शकते. वरून पांढरा पडदा ओढलेला असतो. लहानपणी काही पांढऱ्या पिल्लांच्या डोक्यावर एक फिका रंगीत डाग दिसतो आणि मोठेपणी तो विरून जातो. पडद्याआडचा मूळ रंग त्या डागातून थोडा डोकावलेला असतो. दोन्ही पालकांकडून पांढरेपणाचे जनुक मिळालेल्या पिल्लांत निळे डोळे आणि बहिरेपण या दोहोंची शक्यता वाढते.

कानात काय होते : आतल्या कानाच्या शंखासारख्या नळीच्या भिंतीवर रक्तवाहिन्यांनी भरलेली एक पट्टी असते. नळीतल्या द्रवात पोटॅशियम भरून ठेवणे आणि सुमारे 80 मिलिव्होल्टचा विद्युतदाब टिकवणे हे तिचे काम. ध्वनी टिपणाऱ्या केसपेशी याच दाबावर चालतात. हा दाब म्हणजे त्यांची बॅटरी. या पट्टीतल्या पेशींचा एक थर त्या प्रवासी रंगपेशींपासूनच बनतो. त्या पोचल्या नाहीत तर बॅटरी भरत नाही. मग नळीतला पातळ पडदा खचतो, केसपेशी मरतात आणि त्यांच्यामागून श्रवणतंतूही झिजतात. हे सगळे जन्मानंतर थोड्याच दिवसांत, पिल्लांचे कान उघडण्याच्या सुमारास घडते. पुष्कळ पिल्लांना त्यामुळे आवाज म्हणजे काय हे कधी कळतच नाही. तोल सांभाळणारा भाग मात्र बहुतांशी शाबूत राहतो, म्हणून बहिरे मांजरही कपाटावरून उडी मारून चारही पायांवर उतरते.

नुकसान किती, हे मांजराच्या कानाची ताकद पाहिली की उमगते. माणसाला साधारण 20 हर्ट्झ ते 20 किलोहर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. मांजराला सुमारे 48 हर्ट्झपासून 85 किलोहर्ट्झपर्यंतचे. उंदरांची आपल्याला मुळीच न कळणारी चिवचिव त्याला स्पष्ट ऐकू येते.

प्रमाण : वेगवेगळ्या पाहण्यांचे आकडे सारखे नाहीत. दोन्ही डोळे निळे असलेल्या पांढऱ्या मांजरांत किमान एका कानाने बहिरी असलेली साधारण 65 ते 85 टक्के, एकच डोळा निळा असलेल्यांत सुमारे 40 टक्के आणि दोन्ही डोळे इतर रंगांचे असलेल्या पांढऱ्या मांजरांत 17 ते 22 टक्के, असे आकडे सहसा दिले जातात. शुद्ध जातीच्या पाळीव पांढऱ्या मांजरांच्या 2009 मधील एका पाहणीत सगळी मिळून फक्त सुमारे 20 टक्के बहिरी निघाली. म्हणजे निळ्या डोळ्यांची काही पांढरी मांजरे उत्तम ऐकतात आणि पिवळ्या डोळ्यांची काही मुळीच ऐकत नाहीत. डोळ्यांकडे पाहून कानांचा निकाल देता येत नाही.

हा निकाल घाईने देणाऱ्यांत चार्ल्स डार्विनही होता. 1859 मध्ये ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’च्या पहिल्या आवृत्तीत त्याने निळ्या डोळ्यांची मांजरे हटकून बहिरी असतात असे लिहिले. पुढे त्याने ते विधान सुधारले : पूर्ण पांढरी आणि निळ्या डोळ्यांची मांजरे बहुधा बहिरी असतात. लॉसन टेट या शल्यविशारदाच्या हवाल्याने हे फक्त बोक्यांत घडते अशी पुस्तीही जोडली. ती चुकीची ठरली. हे बहिरेपण बोक्यांत आणि भाट्यांत दोन्हीकडे दिसते. तरीही एका शब्दाची दुरुस्ती करायला आवृत्त्यांमागून आवृत्त्या परतून पाहणारा डार्विन मला इथे फार मोठा वाटतो.

विषमनेत्री मांजरे : एक डोळा निळा आणि दुसरा पिवळा किंवा तांबूस, अशी पांढरी मांजरे तुर्कस्तानात विशेष मानाची आहेत. पूर्वेकडच्या वान शहराचे वान मांजर आणि अंकाऱ्याचे अंगोरा ही दोन्ही त्यासाठी प्रसिद्ध आहेत. वानच्या विद्यापीठात या मांजरांच्या जतनासाठी केंद्र आहे आणि अंगोरांचे जतन अंकाऱ्याच्या प्राणिसंग्रहालयात झाले. थायलंडची खाओ मनी ही पांढरी जातही याच दुरंगी डोळ्यांसाठी ओळखली जाते. अशा मांजराला एकाच कानाने ऐकू येत नसेल, तर तो पुष्कळदा निळ्या डोळ्याच्या बाजूचा असतो. रंगपेशी एका बाजूला पोचल्या आणि दुसऱ्या बाजूला पोचल्या नाहीत, याचीच ही खूण.

निळे डोळे, पण कान शाबूत : सयामी मांजराचे डोळे गर्द निळे असतात आणि तरी ते व्यवस्थित ऐकते. त्याच्या अंगात रंगपेशी सगळीकडे पोचलेल्या असतात. उणीव असते ती मेलॅनिन बनवणाऱ्या विकरात. ते विकर उष्णतेने मंदावते, म्हणून कान, नाक, पाय आणि शेपटी अशा थंड टोकांवरच काळसर रंग चढतो. पेशी आहेत म्हणून कानातली पट्टी चालते. खऱ्या वर्णहीन मांजरांचेही असेच. सयामीची अडचण वेगळीच आहे : डोळ्यांकडून मेंदूकडे जाणारे काही तंतू चुकीच्या बाजूला ओलांडून जातात. पूर्वी या जातीत दिसणाऱ्या तिरळेपणाचा संबंध याच्याशी आहे. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल यांनी 1971 मध्ये या उलट्या जोडणीचा सविस्तर अभ्यास केला. 1981 चे नोबेल मिळालेले हेच दोघे.

माणसांतही असे घडते. पांढरी बट, फिके निळे डोळे आणि बहिरेपण एकत्र येणाऱ्या विकाराचे वर्णन वार्डेनबर्ग या डच नेत्रतज्ज्ञाने 1951 मध्ये केले. तिथेही रंगपेशींचा प्रवास अर्ध्यावर थांबलेला असतो.

निळ्या डोळ्यांची नजर : मांजराच्या दृष्टिपटलामागे प्रकाश परत फेकणारा एक थर असतो, रात्री गाडीच्या दिव्यात मांजराचे डोळे हिरवे-पिवळे चमकतात ते त्यामुळे. निळ्या डोळ्यांच्या पांढऱ्या मांजरांत हा थर पुष्कळदा विरळ असतो किंवा नसतोच, मागचा गडद पडदाही फिका असतो, म्हणून फोटोत त्यांचे डोळे लाल दिसतात. तो आजार नव्हे.

बहिऱ्या मांजरांचा मेंदू : जन्मतः बहिऱ्या पांढऱ्या मांजरांनी श्रवणविज्ञानाला फार काही दिले आहे. 1999 मध्ये जर्मन संशोधकांनी अशा पिल्लांच्या कानात विद्युतरोपण बसवले. काही महिन्यांत ती पिल्ले आवाजाला प्रतिसाद देऊ लागली आणि मेंदूचा श्रवणभाग जागा झालेला दिसला. उशिरा रोपण केलेल्यांत फायदा कमी झाला. बहिऱ्या बाळाच्या कानावर लवकर उपचार का करायचे, याचा एक भक्कम पुरावा असा मांजरांकडून मिळाला. 2010 मध्ये स्टीफन लोम्बर, अॅलेक्स मेरेडिथ आणि आंद्रेय क्राल यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. नजरेच्या कडेला चमकलेला दिवा हेरण्यात आणि मंद हालचाल ओळखण्यात बहिरी मांजरे ऐकणाऱ्यांपेक्षा सरस असतात. मेंदूच्या श्रवणभागाचे ठरावीक तुकडे थोडा वेळ थंड करून बंद पाडले की ही सरशी नाहीशी होते, बाकीची नजर तशीच राहते. कानाची रिकामी जागा डोळ्याने वापरायला घेतली होती. प्रयोगशाळेत वाढलेल्या त्या मुक्या जनावरांचे हे ऋण माणसाने विसरू नये.

ओळख : कुकरची शिट्टी झाली की चार पिल्लांपैकी तीन दचकतात, एखादे सोफ्याखाली पळते, चौथे, पांढरे, पोट वरखाली करत तसेच झोपलेले. पुढच्या क्षणी मात्र भावंडांच्या धडपडीने तेही जागे होते आणि पाहणाऱ्याला वाटते, ऐकले की! फसगत इथेच होते. टाळी वाजवली तर हवेचा झोत लागतो, जमिनीवर पाय आपटला तर कंप कळतो, आणि समोर हात हलला तर डोळे आधीच टिपतात. पिल्लाला एकटे ठेवून, पाठीमागून, जमिनीला स्पर्श न करता आवाज करून पाहावे. तरीही एकाच कानाचे बहिरेपण घरी कळत नाही. त्यासाठी खात्रीची चाचणी एकच : कानात टिकटिक सोडून मेंदूतून येणारे विद्युतसंकेत मोजणे. नवजात बाळांसाठी डॉक्टर जी ‘बेरा’ चाचणी सांगतात, तीच ही. पिल्लू पाच-सहा आठवड्यांचे झाले की ती करता येते.

बहिरे मांजर गाढ झोपते, दिवाळीच्या फटाक्यांत शांत असते आणि फार मोठ्याने ओरडते, कारण आपला आवाज किती चढला हे त्याला कळत नाही. झोपलेले असताना एकदम अंगावर हात टाकला तर ते घाबरून बोचकारते; आधी शेजारच्या गादीवर हलके थापटावे. दिवा उघडमीट केला की जेवण, हात असा हलवला की ये, या खुणा ते लवकर शिकते. गळ्यातली घंटा त्याच्या उपयोगाची नसली तरी आपल्या असते : ते कुठे आहे हे आपल्याला कळते.

इतर काळजी : पांढऱ्या मांजराच्या कानांच्या टोकांना आणि नाकाला उन्हाने कर्करोग होऊ शकतो; कानाच्या कडेला न भरणारी खपली दिसली तर थांबू नये. टॉरिन नावाचे द्रव्य आहारात नसेल तर कोणत्याही रंगाच्या मांजराचे दृष्टिपटल झिजते. ते मांस-मासळीत असते. आपल्याकडे प्रेमाने घातला जाणारा नुसता दूधभात किंवा दूधपोळी मांजराच्या डोळ्यांना पुरत नाही, आणि कुत्र्याचे खाद्यही पुरत नाही. एन्रोफ्लॉक्सॅसिन या प्रतिजैविकाच्या जास्त मात्रेने मांजरे आंधळी झालेली आहेत, आणि निओमायसिन, जेंटामायसिनसारखी औषधे आतल्या कानाला घातक ठरू शकतात; माणसांसाठीचे थेंब त्याच्या कानात घालू नयेत. म्हातारे मांजर रातोरात आंधळे झाले, बाहुल्या मोठ्या राहिल्या, तर बहुधा रक्तदाब वाढून दृष्टिपटल सुटलेले असते; त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. मोठ्या मांजराच्या एकाच डोळ्याचा रंग बदलू लागला, तपकिरी डाग पसरू लागला, तर तोही दाखवावा. तो कधी कर्करोग निघतो.

पैदास : जर्मनीत प्राणिकल्याण कायद्याच्या अंगाने 1999 च्या तज्ज्ञ अहवालाने प्रभावी पांढऱ्या मांजरांची पैदास टाळावी अशी शिफारस केली, आणि युरोपातला ‘फिफे’ हा मार्जार महासंघ पैदाशीच्या पांढऱ्या मांजरांसाठी श्रवणचाचणीचा दाखला मागतो. मुंबई-पुण्यात निळ्या डोळ्यांची पांढरी पर्शियन पिल्ले ‘डॉल फेस’, ‘पंच फेस’ अशा नावांनी विकली जातात, तेव्हा कान तपासला का, हे बहुतेक कोणी विचारत नाही. घेणाऱ्याने विचारावे. दोन पांढरी मांजरे जुळवू नयेत. पिल्लू बहिरे निघाले तर ते परत करू नये आणि रस्त्यावर तर मुळीच सोडू नये. गाडीचा हॉर्न आणि कुत्र्याची चाहूल त्याला कळत नाही. त्याची नसबंदी करावी, खिडक्यांना आणि बाल्कनीला जाळी लावावी आणि त्याला घरातच ठेवावे.