छेरछेऱ्याची टोपली आणि आंतरजालावरची झोळी

पौष पौर्णिमेला छत्तीसगडात छेरछेरा नावाचा सण होतो. खरिपाचे धान खळ्यावरून घरात आलेले असते, कोठ्या भरलेल्या असतात, आणि त्या दिवशी गावातील मुले व तरुण टोपल्या घेऊन दारोदार धान मागत फिरतात. मागणारा गरीबच असतो असे नाही. गावच्या मालगुजाराचा मुलगाही त्या दिवशी मागत असे, आणि ज्याच्या घरी पायलीभर धान उरलेले असे तोही त्यातून मूठभर देत असे. मागण्यात लाज नाही आणि देण्यात मोठेपणा नाही, हे या सणाचे मर्म होय. अनेक गावांत असे जमलेले धान रामकोठीत साठविण्याची प्रथा आहे. रामकोठी म्हणजे गावाची सामाईक कोठी. ज्याला बियाणे कमी पडले, ज्याच्या घरी आजार वा लग्न निघाले, त्याने तेथून धान न्यावयाचे आणि पुढच्या सुगीत थोडे अधिक घालून ते परत करावयाचे.

पुष्कळांनी थोडे थोडे देऊन एखादे मोठे काम उभे करणे ही कल्पना एकविसाव्या शतकाने शोधून काढली असे जे मानले जाते, ते या सणाकडे पाहिले की खरे वाटत नाही. नवे आहे ते साधन. कल्पना जुनी आहे, आणि तिच्याबरोबर आलेले प्रश्नही तितकेच जुने आहेत. मागावे कोणी, द्यावे कोणाला, आणि जमलेल्याचा हिशेब कोणी कोणास द्यावा, हे ते तीन प्रश्न. रामकोठीच्या व्यवस्थेत तिन्हींची उत्तरे गावाच्या वेशीच्या आतच मिळत होती. देणारा, घेणारा आणि सांभाळणारा एकमेकांस ओळखत होते, आणि कोठीत किती धान आहे हे कोणीही जाऊन पाहू शकत होता. इतिहासाच्या ओघात देणारा आणि घेणारा यांच्यामधील अंतर वाढत गेले. रायपूर आणि त्याच्या आसपासच्या प्रदेशाने हे अंतर कसे वाढले, आणि ते भरून काढण्यासाठी माणसांनी कोणकोणते पूल बांधले, हे गेल्या सव्वाशे वर्षांत चांगले पाहिले आहे.

पहिला पूल दुष्काळाने बांधला. 1896-97 आणि 1899-1900 हे दोन दुष्काळ मध्य प्रांताने लागोपाठ सोसले, आणि दुसऱ्यात रायपूर जिल्हा अत्यंत पीडित जिल्ह्यांपैकी एक ठरला. गावची कोठीच रिकामी झाली तेव्हा मूठभर धानाची व्यवस्था अपुरी पडणे स्वाभाविक होते. परंतु एव्हाना मुंबई आणि कलकत्ता यांना जोडणारा लोहमार्ग रायपुरावरून गेला होता, तारायंत्र आले होते, आणि 1880 पासून टपाल खात्याची मनिऑर्डर सुरू झाली होती. त्यामुळे रायपूरची भूक हजारो कोसांवर वाचली जाऊ लागली. लंडनच्या लॉर्ड मेयरच्या निधीत पैसे जमू लागले. न्यूयॉर्कच्या ‘ख्रिश्चन हेराल्ड’ या साप्ताहिकाने आपल्या वाचकांकडून वर्गणी गोळा केली, आणि 1900 च्या मे महिन्यात ‘क्विटो’ नावाचे जहाज सुमारे दोन लाख बुशेल मका घेऊन न्यूयॉर्कहून हिंदुस्थानाकडे निघाले.

या दूरदेशीच्या मदतीची एक खूण रायपुरापासून जवळच, धमतरीस आजही दिसते. 1897 च्या दुष्काळाच्या वार्ता वाचून अमेरिकेतील मेनोनाइट पंथाच्या शेतकऱ्यांनी इंडियाना प्रांतातील एल्कहार्ट या गावी मदतीचे मंडळ स्थापन केले, धान्य व पैसा पाठविला, आणि त्याची वाटणी पाहण्यासाठी जॉर्ज लँबर्ट यांना हिंदुस्थानात धाडले. दोन वर्षांनी, 1899 मध्ये, त्या पंथाचे पहिले मिशनरी त्या वेळी रायपूर जिल्ह्यात असलेल्या धमतरीस येऊन राहिले. ते येतात न येतात तोच दुसरा दुष्काळ पडला आणि त्यांना प्रथम अनाथ मुलांचीच व्यवस्था लावावी लागली. पुढे 1910 मध्ये तेथे रुग्णालय सुरू झाले. मिशनऱ्यांचा हेतू केवळ अन्नदानाचा नव्हता, धर्मप्रसाराचाही होता, हे येथे लपविण्याचे कारण नाही. दूरच्या देणगीबरोबर देणाऱ्याचा हेतूही येतो, आणि घेणाऱ्यास तो निवडता येत नाही, हाच तर त्यातील विचार करण्याजोगा भाग आहे.

त्याच काळात आणखी एक गोष्ट प्रथमच घडली. देणाऱ्याचे मन द्रवावे म्हणून भुकेल्या माणसांची छायाचित्रे छापली जाऊ लागली. हाडांचा सापळा झालेले मूल, त्याच्या शेजारी निश्चल बसलेली आई, अशी चित्रे परदेशी साप्ताहिकांतून घरोघर गेली आणि त्यांनी पैसा जमविला. त्या पैशाने जीव वाचले, हे निर्विवाद आहे. तथापि त्या चित्रातील माणसाला आपले चित्र कोठे जाणार आहे हे ठाऊक नव्हते, आणि त्याची संमती कोणी विचारली असेल असे मानण्यास फारसा आधार नाही. रामकोठीतून धान नेणाऱ्या शेतकऱ्यास आपली कळा कोणाला दाखवावी लागत नव्हती. दूरच्या दात्यासाठी मात्र दुःखाला दर्शनी व्हावे लागले.

दुसरा पूल स्वदेशीच्या चळवळीने बांधला, आणि तो महाराष्ट्रात बांधला गेला. अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंडाची योजना मांडली ती अगदी साधी होती: प्रत्येकाने वर्षाकाठी एक पैसा द्यावा. त्या काळी रुपयाचे 64 पैसे होत, म्हणजे मागणी रुपयाच्या चौसष्टाव्या भागाची होती. ती नाकारण्याइतका दरिद्री कोणी नव्हता, आणि दिली म्हणून मिरविण्याइतकी ती मोठीही नव्हती. लोकमान्य टिळकांनी या योजनेस पाठबळ दिले. या निधीतून 1908 मध्ये तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना उभा राहिला, आणि परदेशात काचेचे तंत्र शिकून आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय यांनी त्याची धुरा वाहिली. तो कारखाना होता तशी शाळाही होती. तेथे शिकलेल्या कारागिरांनी पुढे काचेचा धंदा देशात इतरत्र नेला. पैसा फंडाने दया मागितली नाही, सहभाग मागितला. कोणाचे दुःख दाखविले नाही, एक काम दाखविले. सार्वजनिक निधीच्या इतिहासात हा भेद फार मोलाचा आहे.

रायपूरच्या मराठी मंडळींना हा विचार परका नव्हता. ज्या 1900 सालाने दुष्काळ दाखविला, त्याच सालच्या जानेवारीत माधवराव सप्रे यांनी पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले. वामनराव लाखे त्याचे मालक होते आणि रामराव चिंचोळकर संपादनात सप्रे यांचे सहकारी. तीन वर्षांनी तोट्यामुळे मासिक बंद पडले. सार्वजनिक कामास शुभेच्छा पुष्कळ मिळतात, वर्गणी वेळेवर मिळत नाही, हा अनुभव त्या मंडळींनी असा लवकरच घेतला. पुढे सप्रे यांनी ‘गीतारहस्य’ हिंदीत नेले आणि रायपुरात मुलींच्या शिक्षणाचे काम केले. लाखे यांनी 1913 मध्ये रायपुरात सहकारी बँकेचा पाया घातला. या दोन कामांचे नाते वरवर दिसत नाही, परंतु लाखे यांची बँक म्हणजे एका अर्थी रामकोठीच होती: पुष्कळांची लहान बचत एकत्र करावयाची, गरजूस द्यावयाची, आणि ती त्याने परत करावयाची. येथे घेणारा याचक राहत नाही, सभासद होतो.

तिसरा पूल राष्ट्रीय चळवळीचा. 1921 मध्ये काँग्रेसने टिळक स्वराज्य फंडासाठी 30 जूनपर्यंत एक कोटी रुपये जमविण्याचा संकल्प सोडला आणि तो पार पाडला. एवढा पैसा जमल्यावर त्याच्या हिशेबाविषयी प्रश्न विचारले जाणे अपरिहार्य होते, आणि ते विचारलेही गेले. बारा वर्षांनी, नोव्हेंबर 1933 मध्ये, महात्मा गांधी हरिजन निधीसाठी निघाले तेव्हा हा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. 7 नोव्हेंबरला वर्ध्याहून सुरू झालेला हा दौरा सुमारे नऊ महिने चालला आणि त्यात आठ लाखांच्या आसपास रुपये जमले. दौऱ्याच्या आरंभीच्या दिवसांतच गांधीजी दुर्ग, रायपूर, धमतरी व बिलासपूर या भागांत हिंडले. रायपुरात त्यांचा मुक्काम पंडित रविशंकर शुक्ल यांच्या घरी होता. राजीमचे पंडित सुंदरलाल शर्मा यांनी अस्पृश्यतानिवारणाचे काम छत्तीसगडात आधीच आरंभले होते, त्यामुळे येथे झोळी पसरण्यापूर्वी जमीन नांगरलेली होती.

गांधीजींची मागण्याची रीत मुद्दाम ध्यानात घेण्यासारखी आहे. ते सभेतच मानपत्रांचा आणि भेटवस्तूंचा लिलाव करीत, बायकांकडून दागिने मागून घेत, स्वाक्षरीसाठी पाच रुपये आकारीत. यात विनोद होता आणि शिस्तही होती. जे दिले ते सर्वांदेखत दिले जाई, सर्वांदेखत मोजले जाई. मुख्य म्हणजे, ज्यांच्या नावाने निधी जमत होता त्यांच्यावर सवर्णांनी दया करावी असे ते सांगत नव्हते. हे दान नसून जुन्या कर्जाची फेड आहे, असा त्यांचा आग्रह होता. अर्थात ज्यांचे कर्ज फेडावयाचे, त्यांना त्या निधीच्या कारभारात जागा किती, हा प्रश्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उपस्थित केला होता, आणि तो रास्त होता. द्यावे कोणाला हे ठरले तरी ठरवावे कोणी, हे उरतेच.

या सर्व पूर्वपीठिकेवर आजच्या आंतरजालावरील झोळीकडे पाहिले पाहिजे. 2000 साली ‘गिव्ह इंडिया’ने संस्थांसाठी इंटरनेटवरून देणग्या मिळवून देण्यास आरंभ केला. पुढे 2010 मध्ये ‘मिलाप’, 2012 मध्ये ‘केट्टो’ आणि 2014 मध्ये ‘इम्पॅक्ट गुरू’ हे मंच निघाले, आणि संस्थांच्या जोडीला एकेका माणसासाठीही मागणे सोपे झाले. 2016 मध्ये यूपीआय आले तेव्हा दहा रुपये देण्याचा खर्च जवळजवळ शून्यावर आला. पैसा फंडाच्या कार्यकर्त्यांना एका पैशासाठी एक दार ठोठवावे लागे. आता एका आवाहनाने लक्षावधी दारे एकाच वेळी वाजतात. काळे यांना हे साधन मिळते तर तळेगावास केवढा कारखाना उभा राहिला असता, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

परंतु या साधनाने सर्वाधिक काम कोठे केले? रुग्णालयाच्या बिलांच्या बाबतीत. मेरुदंडाच्या स्नायूक्षयावरील एका जनुकीय औषधास 2019 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. त्याच्या एका मात्रेची किंमत सुमारे 16 कोटी रुपये होती. महाराष्ट्रातील काही कुटुंबांनी आंतरजालावरून लोकांकडे हात पसरून ही रक्कम उभी केली, आणि केंद्र शासनाने आयात औषधावरील कर माफ केला. छत्तीसगडात 2021 मध्ये कोरबा जिल्ह्यातील एका खाणकामगाराच्या दोन वर्षांच्या मुलीस हेच औषध हवे होते. तेथे लोकवर्गणी नव्हे, तर तो ज्या साउथ ईस्टर्न कोलफील्ड्सच्या नोकरीत होता त्या सरकारी कंपनीने 16 कोटी रुपये दिले. एक मूल लोकांच्या कनवाळूपणाने वाचते, दुसरे पित्याच्या नोकरीमुळे. ज्या मुलाचे छायाचित्र कोणाच्या नजरेस पडत नाही आणि ज्याचा बाप रोजंदारीवर आहे, त्या तिसऱ्या मुलाचे काय, हा प्रश्न या दोन उदाहरणांच्या मधोमध उभा आहे.

शासनाने त्याचे उत्तर देण्याचा प्रयत्न केला नाही असे नाही. 2021 च्या दुर्मीळ रोगांविषयीच्या राष्ट्रीय धोरणाने लोकवर्गणीसाठी शासकीय संकेतस्थळ उघडले आणि 2022 मध्ये मदतीची मर्यादा 50 लाखांपर्यंत नेली. छत्तीसगड राज्याने 2020 मध्ये सुरू केलेल्या विशेष आरोग्य साहाय्य योजनेत 20 लाखांपर्यंत तरतूद केली. पण 50 लाख आणि 16 कोटी यांतील दरी योजनेने भरत नाही, आणि शासनच वर्गणीची पेटी मांडते तेव्हा कर्तव्य आणि दान यांची सीमा पुसट होते.

हिशेबाच्या बाबतीतही तेच. नोंदलेल्या धर्मादाय संस्थेस दिलेल्या देणगीवर आयकरात सूट मिळते, आणि संस्थेला देणगीदारांचे विवरण शासनास सादर करावे लागते. परदेशी देणगी 2020 च्या दुरुस्तीनंतर दिल्लीतील स्टेट बँकेच्या एका ठरावीक शाखेतील खात्यातच घ्यावी लागते. सार्वजनिक न्यासांवर महाराष्ट्रात 1950 च्या आणि छत्तीसगडात 1951 च्या कायद्याची नजर आहे. मात्र एका व्यक्तीसाठी, एका आजारासाठी जमलेला पैसा यांपैकी पुष्कळशा चौकटींच्या बाहेर राहतो. पैसे जमण्याआधीच रुग्ण दगावला तर जमलेली रक्कम कोणाची? मागणीपेक्षा अधिक जमले तर उरलेले कोठे जावे? चांगले मंच रक्कम थेट रुग्णालयास देतात आणि उरलेल्याचा नियम आधी सांगतात. परंतु हे सौजन्यावर सोडण्यासारखे काम नव्हे.

याच संदर्भात नवा रायपूर येथील श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयाचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. 2012 मध्ये सुरू झालेल्या या रुग्णालयात मुलांच्या हृदयावरील शस्त्रक्रिया विनामूल्य होतात, आणि तेथे बिलाची खिडकीच नाही. तेही देणग्यांवरच चालते. फरक इतकाच की तेथे देणारा एका मुलाचा चेहरा निवडत नाही. तो दार उघडे ठेवण्यासाठी देतो, आणि त्या दारातून कोण आत येईल हे आजाराची निकड ठरविते. मुलाच्या आईला आपले दुःख जगापुढे मांडावे लागत नाही. तळेगावचा कारखाना, लाखे यांची बँक आणि हे रुग्णालय यांची जात एकच आहे.

एकेका जीवासाठी केलेले आवाहन त्याज्य आहे, असा याचा अर्थ नव्हे. ज्याचे मूल आज अंथरुणावर आहे त्याला संस्था उभी राहीपर्यंत थांबण्यास सांगणे हे क्रौर्य होईल. पण साधन जितके वेगवान, तितकी त्यामागची व्यवस्था भक्कम हवी. छेरछेऱ्याच्या टोपलीमागे रामकोठी होती, म्हणून त्या टोपलीला अर्थ होता. आंतरजालाने टोपली फार मोठी करून दिली आहे. तिच्यामागची कोठी, जिच्यात किती आहे हे कोणालाही पाहता यावे आणि जिच्यातून नेणाऱ्याची मान खाली जाऊ नये, ती बांधण्याचे काम अद्याप बाकी आहे.