नावं सुरू झाली का?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या तालुक्याच्या गावी थिएटर एकच होतं. पत्र्याचं छप्पर, खाली फरशी, पुढे बाकडी आणि मागे खुर्च्या. उशिरा पोचलेला प्रत्येक जण धापा टाकत डोअरकीपरला एकच प्रश्न विचारायचा, ‘नावं सुरू झाली का?’ सुरू झाली असतील तर त्याचा चेहरा पडायचा. गोष्ट अजून सुरू व्हायची असायची, नट-नट्यांनी तोंडही दाखवलेलं नसायचं. तरी नावं चुकली म्हणजे पैसे थोडे वायाच गेले, अशी आम्हा सगळ्यांची समजूत होती.

मी अम्मीबरोबर बायकांच्या बाजूला बसायचो. सत्तरीच्या दशकाची अखेर असेल. त्या काळच्या हिंदी सिनेमात चित्राचं नाव बहुधा तीन लिप्यांत यायचं. इंग्रजी, नागरी आणि उर्दू. मी मराठी शाळेत जात होतो, म्हणून नागरी माझी. अम्मी शाळेत गेलेली नव्हती, पण घरी उर्दू वाचायला शिकली होती. उजवीकडून डावीकडे जाणारी ती ओळ दिसली की ती हलक्या आवाजात वाचायची. आजूबाजूच्या बायका कौतुकाने तिच्याकडे बघायच्या. एरवी पोस्टमनकडून पत्र वाचून घेणारी माझी अम्मी त्या दोन मिनिटांत वाचणारी बाई असायची. गाणी लिहिणाऱ्याचंही नाव असतं आणि ते पडद्यावर येतं, हे मला तिथंच कळलं. पुढे मी कविता लिहू लागलो, त्यात त्या नावांचा वाटा आहे.

आज बोलायचं आहे ते या सुरुवातीबद्दल. आपल्याकडे सिनेमा आधी थिएटरात ‘लागतो’ आणि मग पडद्यावर ‘सुरू होतो’. या दोन्ही गोष्टींना शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे.

सुरुवातीचं महत्त्व आपल्याला सिनेमाने शिकवलेलं नाही. १८४३ मध्ये सांगलीला विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणलं, तेव्हा सूत्रधार, गणपती आणि सरस्वती येऊन गेल्याशिवाय कथेला हात लागत नसे. संगीत नाटकात नांदी आली, तमाशात आधी गण आणि गौळण. आधी नमन, मग कहाणी, हे प्रेक्षकाच्या अंगात मुरलेलं होतं. सिनेमा आला तो अशा प्रेक्षकापुढे.

तो आला ७ जुलै १८९६ रोजी, मुंबईत काळ्या घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात. फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंच्या माणसाने एक रुपया तिकीट लावून सहा छोटी चित्रं दाखवली. रुपया तेव्हा मोठा होता आणि हॉटेलही साहेबांचं. आठवड्याभरात, १४ जुलैपासून, तोच खेळ नॉव्हेल्टी थिएटरात लागला. तिथे पुढे दर चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत ठेवले गेले आणि पडदानशीन बायका व त्यांच्या कुटुंबांसाठी राखीव बॉक्सची सोय झाली. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो. सिनेमा या देशात येऊन महिनाही झाला नसेल-नसेल, तोच दारावरच्या माणसाला कळलं होतं, की सगळ्यांना आत घ्यायचं तर चार आण्यांचं तिकीट हवं आणि बुरख्यातल्या बाईलाही जागा हवी.

मग आले आपले दादासाहेब फाळके. ‘राजा हरिश्चंद्र’ त्यांनी २१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिंपिया थिएटरात निमंत्रितांना दाखवला आणि ३ मेपासून तो गिरगावात सँडहर्स्ट रोडच्या कोरोनेशनमध्ये लागला. आज आपण त्या दिवसाबद्दल बोलतो तेव्हा नुसता सिनेमाच डोळ्यांपुढे आणतो. प्रत्यक्षात कार्यक्रम भरगच्च होता. मिस आयरिन डेलमार यांचा नाच, मॅकक्लेमंट्स यांचा विनोदी प्रवेश, अलेक्झांडर नावाचा पायांवर वस्तू झेलणारा कसरतपटू, ‘टिप-टॉप कॉमिक्स’, आणि या सगळ्यांच्या जोडीला सत्यवचनी राजा! जाहिरातीत तिकिटाचे दर दुप्पट असल्याचंही बजावलं होतं. सिनेमा मुका असल्यामुळे मधल्या पाट्या वाचाव्या लागत. त्या इंग्रजी, मराठी आणि हिंदीत होत्या. म्हणजे एकाच पडद्यावर वेगवेगळ्या वाचणाऱ्यांना बोलावण्याची चाल पहिल्यापासूनची आहे.

सुरतेला मात्र या राजाचं स्वागत थंड झालं. पहिल्या खेळाला अवघे तीन रुपये जमले. दोन आण्यांत सहा तासांचं नाटक बघणाऱ्या माणसाने दीड तासासाठी तीन आणे का द्यावेत? फाळक्यांनी दर उतरवला नाही, जाहिरात बदलली. सत्तावन्न हजार छायाचित्रं, दोन मैल लांबीचं चित्र आणि सगळं फक्त तीन आण्यांत! गिऱ्हाईक मापावर भरवसा ठेवणारं आहे, हे त्यांनी ओळखलं आणि सिनेमा मैलावर विकला. थिएटर भरू लागलं.

जाता जाता एक गंमत. ३ मे १९१३ हा शनिवार होता. त्याच्या आदल्या वर्षी, १८ मे १९१२ ला, दादासाहेब तोरण्यांचा ‘श्री पुंडलिक’ याच कोरोनेशनमध्ये लागला, तोही शनिवारी. ‘आलम आरा’ शनिवारी, ‘अयोध्येचा राजा’ शनिवारी, ‘संत तुकाराम’ही शनिवारी. म्हणजे शुक्रवारचं जे काही महात्म्य आपण मानतो ते नंतरचं. आमच्या मोहल्ल्यात मात्र शुक्रवार सोयीचा होता. अब्बा जुम्म्याची नमाज पढून यायचे, अंगावरचे कपडे स्वच्छ असायचेच, तेच तीनच्या खेळाला चालून जायचे. मौलवीसाहेबांना हे ठाऊक होतं. ते फक्त एवढंच विचारत, ‘पिक्चर कौनसा है?’

‘आलम आरा’ची तारीख १४ मार्च १९३१, ठिकाण गिरगावचं मॅजेस्टिक. आर्देशीर इराणींचा हा पहिला बोलपट. लोकांना रांगेची सवय नव्हती. दारावर अक्षरशः लोटालोट झाली, पोलीस बोलवावे लागले आणि चार आण्यांचं तिकीट काळ्या बाजारात चार-पाच रुपयांना गेलं. आत पडद्यावर माणसं बोलत होती आणि एक फकीर गात होता. त्या फकिराचं काम करणारे वजीर मोहम्मद खान हे आपल्या सिनेमाचे पहिले गायक. त्या सिनेमाची एकही प्रत आज शिल्लक नाही. तो कसा सुरू होत होता ते आता कुणालाच पाहता येणार नाही; दारातल्या गर्दीची हकीकत तेवढी उरली आहे.

मराठी माणसाच्या कानात मात्र सिनेमाची सुरुवात म्हणजे तुतारी. प्रभात कंपनी १ जून १९२९ ला कोल्हापुरात स्थापन झाली आणि १९३३ मध्ये पुण्याला आली. तुतारी फुंकणारी ती कमनीय स्त्री म्हणजे प्रभातची नांदीच. पहिली काही चित्रं मुकी, त्यामुळे तिची तुतारी आधी दिसली आणि ऐकू आली नंतर. प्रभातच्या कलाविभागाचे धनी होते शेख फत्तेलाल. कागलचे, बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले. सगळे त्यांना साहेबमामा म्हणत. विष्णुपंत दामल्यांच्या जोडीने त्यांनी ‘संत तुकाराम’ दिग्दर्शित केला. १२ डिसेंबर १९३६ रोजी तो मुंबईच्या सेंट्रलमध्ये लागला आणि सत्तावन्न आठवडे हलला नाही.

त्या चित्राची सुरुवात मी कितीदा पाहिली असेल! विष्णुपंत पागनीसांचे तुकोबा विठ्ठलाच्या ध्यानात गात आहेत, आणि लगेच तोच अभंग सालोमालो आपला म्हणून गातो आहे. दामले-फत्तेलालांनी चमत्कार, वैकुंठ, विमान सगळं मागे ठेवलं आणि आरंभीच प्रश्न टाकला तो हा, की कवितेवर नाव कुणाचं? लिहिणाऱ्याला याहून जिव्हाळ्याची दुसरी सुरुवात मला माहीत नाही. वारकरी माणूस चपला बाहेर काढून हे चित्र बघायला बसे, असं आमच्याकडची म्हातारी माणसं सांगत. ते चित्र करणाऱ्या दोघांपैकी एक शेख होता, याची त्यांना कधी अडचण झाली नाही.

प्रभातच्या तुतारीसारखीच दुसरी खूण मेहबूब खान यांची. बिलिमोऱ्याकडून आलेला, फारसं न शिकलेला, नमाज न चुकवणारा माणूस. त्यांच्या संस्थेचं चिन्ह काय, तर विळा-हातोडा! आणि त्यावर घुमणारा उर्दू शेर मात्र सारी भिस्त ईश्वरेच्छेवर ठेवणारा. पंडितांना यात विसंगती दिसते. आमच्या गावच्या विणकरांना दिसत नसे. हातात हत्यार आणि तोंडी अल्लाचं नाव, असंच त्यांचंही आयुष्य होतं. राज कपूरच्या चित्रात आधी पृथ्वीराज शिवपूजा करताना दिसत, मग ती व्हायोलिनची आकृती. ज्याचं त्याचं नमन वेगळं, पण नमन सुटत नव्हतं.

मुंबईचं लिबर्टी थिएटर १९४९ मध्ये उघडलं तेच मेहबूबच्या ‘अंदाज’ने, आणि २५ ऑक्टोबर १९५७ ला ‘मदर इंडिया’ही तिथेच लागला. तो सुरू होतो मातीचं ढेकूळ कपाळाला लावणाऱ्या म्हाताऱ्या राधापासून. मागे ट्रॅक्टर, यंत्रं. गावात कालवा आला आहे आणि त्याचं उद्घाटन तिने करावं म्हणून मंडळी आग्रह धरतात. गळ्यातल्या हाराचा वास तिला थेट लग्नाच्या दिवसात नेतो. स्वातंत्र्याला दहा वर्षं झालेल्या देशात सिनेमाच एका उद्घाटनाने सुरू व्हावा, आणि तो मान अंगठा उठवणाऱ्या बाईला मिळावा, हे मला आजही धाडसाचं वाटतं.

थाटामाटात मात्र के. आसिफ यांचा हात कुणी धरावा! ५ ऑगस्ट १९६०, शुक्रवार. ‘मुघल-ए-आझम’ देशभरात दीडशे थिएटरांत एकदम लागला. मुंबईतलं मुख्य थिएटर कुठलं, तर मराठा मंदिर. अकबर बादशहाचं स्वागत मराठा मंदिरात! इतिहासाला विनोदाचं अंग असतं ते असं. निमंत्रणं फर्मानासारखी गुंडाळीची, उर्दूत लिहिलेली. रिळांचे डबे सजवलेल्या हत्तीवरून आले. आगाऊ तिकिटांसाठी लोक चार-चार दिवस रांगेत राहिले, घरून डबे येत. नेहमीचं दीड रुपयाचं तिकीट शंभराला गेलं. आणि पडद्यावर सुरुवात कुणी केली? बादशहाने नव्हे, अनारकलीनेही नव्हे. हिंदुस्तानचा नकाशा उभा राहिला आणि तोच बोलू लागला.

आमच्या गावी यातलं काही यायचं नाही. मुंबईला लागलेला सिनेमा आमच्याकडे वर्षाने, कधी दोन वर्षांनी, एसटीच्या टपावरून पत्र्याच्या पेटीत यायचा. पेटी उतरली की गावात बातमी. मग टांग्याला दोन्ही बाजूंनी पोस्टर लावून कर्णा फिरायचा आणि रंगीत कागदांमागे आम्ही पोरं धावायचो. हॉलमध्ये आधी गावातल्या कापडवाल्यांच्या स्लाइडी, मग ‘इंडियन न्यूज’. महापूर, धरण, पंतप्रधान, शेवटी क्रिकेट. मग सेन्सॉरचं प्रमाणपत्र. त्यावर रिळांचा आकडा असे, आणि पुढच्या बाकड्यांवरून एकच ओरडा उठे, ‘अठरा रीळ!’ सिनेमा जितका लांब तितका पैसा वसूल; सुरतेच्या गिऱ्हाइकाचा हिशेब आमच्याकडे अजून चालू होता.

तेव्हा सिनेमाला सावकाश मोठं व्हायला वेळ मिळे. १५ ऑगस्ट १९७५ ला मिनर्व्हात लागलेल्या ‘शोले’ला धंद्यातल्या जाणकारांनी पहिल्या दिवसांत पडेल ठरवलं होतं. तो पाच वर्षं चालला. अगदी ५ ऑगस्ट १९९४ चा ‘हम आपके हैं कौन’ही आधी मोजक्याच ठिकाणी लागला आणि मग पसरला. आज पेटी नाही, एसटी नाही. एकाच शुक्रवारी हजारो पडद्यांवर सिनेमा लागतो आणि सोमवारी त्याचा निकाल लागतो. तालुक्याच्या माणसाला मुंबईकराबरोबर त्याच दिवशी बघायला मिळतो, हे मला मनापासून आवडतं. पण त्याच्या तालुक्यात पडदा असायला हवा. आमचं ते थिएटर बंद होऊन मंगल कार्यालय झालं. जवळचं मल्टिप्लेक्स पन्नास किलोमीटरवर, आणि तिथे चार आण्यांचा वर्ग नाही.

नावांचंही पालटलं. उर्दूची ओळ हळूहळू बारीक झाली, मग एखाद्याच चित्रात दिसू लागली. पुढे नागरीही आटली. हिंदी सिनेमाची सगळी नावं इंग्रजीत येऊ लागली. कुणी हुकूम काढला नव्हता. कुणाला तिची गरज वाटेनाशी झाली, एवढंच. अम्मी मला विचारू लागली, ‘क्या लिखा है?’ मी वाचून दाखवायचो. काही दिवसांनी तिने विचारणं सोडलं.

परवा माझ्या पुतण्याने तिला मोबाइलवर जुना ‘मदर इंडिया’ लावून दिला. विळा-हातोडा आला, शेर घुमला. पोराने सवयीने बोट ठेवून नावं पुढे सरकवली. ऐंशीला टेकलेल्या अम्मीने त्याचं मनगट धरलं.

‘ठैर रे. पीछे ले. नाम तो पढने दे.’