घरापासून गिरणीपर्यंत

मुंबई शहराच्या इतिहासाचीं पुस्तकें उघडलीं म्हणजे किल्ला, बंदर, गव्हर्नर व शेठसावकार यांची हकीकत त्यांत हटकून सांपडते. परंतु पहाटे घराबाहेर पडलेला बाप कामावर कसा पोहोंचत असे, त्याला किती पैसे पडत, आणि मुलें जागीं असतांना तो घरीं परतत असे कीं नाहीं, ही हकीकत क्वचितच आढळते. आज तीच थोडी सांगावी असें योजिलें आहे.

सन १८७४ च्या मे महिन्याच्या ९ तारखेस मुंबईंत घोड्यांची ट्राम सुरू झाली. कुलाब्यापासून पायधुणीपर्यंत भाडें तीन आणे. पुढें उतारूंची गर्दी वाढली तसें तें दोन आण्यांवर आलें. दोन आणे म्हणजे कांहींच नव्हे, असें आपणांस वाटेल. पण आम्हां मास्तर लोकांची त्रैराशिकाची खोड सुटत नाहीं. जातांना दोन, येतांना दोन, आणि महिन्याचे कामाचे दिवस सव्वीस. म्हणजे एकशें चार आणे, अर्थात् साडेसहा रुपये. साध्या गिरणीकामगाराच्या तेव्हांच्या पगाराचा फार मोठा वांटा एवढ्यांतच संपला असता. मग बायकोच्या हातावर काय ठेवावें आणि गांवीं म्हाताऱ्या आईबापांस काय धाडावें? ट्राम कारकुनाची झाली, व्यापाऱ्याची झाली. गिरणीकामगार मात्र पायींच राहिला.

पायीं जावयाचें तर घर भोंग्याच्या टप्प्यांत हवें. परळ, लालबाग, चिंचपोकळी, भायखळा या भागांत एकेका खोलींत दोन दोन बिऱ्हाडें कां कोंबलीं गेलीं याचीं कारणें पुष्कळ आहेत. पण त्यांतलें एक मोठें कारण ट्रामचें हें भाडें होय, असें माझें मत आहे. शिवाय वेळ तरी कोठें होता? १९११ सालचा कायदा होईपर्यंत प्रौढ पुरुषाच्या कामाच्या तासांस मर्यादाच नव्हती. आणि त्या कायद्यानें कापडगिरण्यांस घातलेली मर्यादाहि बारा तासांचीच. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीनें १८९० च्या जूनपासून रविवारची सुटी मिळूं लागली, तेव्हां कोठें गिरणगांवांतल्या मुलांस आपला बाप आठवड्यांतून एक दिवस उजेडांत पाहावयास मिळूं लागला.

चाळ बांधिली म्हणजे राहण्याचा प्रश्न सुटला असें सरकारास एकदां वाटलें होतें. १९२० नंतरच्या दशकांत डेव्हलपमेंट खात्यानें वरळी, नायगांव, डिलाइल रोड व शिवडी येथें कामगारांकरितां चाळी उठविल्या. चाळी भक्कम होत्या. तरी वरळीच्या कितीएक खोल्या बराच काळ रिकाम्या राहिल्या. भाडें व इतर गैरसोयी होत्याच. पण गिरणी दूर आणि परवडेल असें वाहन नाहीं, ही अडचणहि त्यांत होती. १९३० च्या सत्याग्रहांत सरकारनें तेथें तात्पुरता तुरुंग केला. ज्या खोल्यांत मजूर जाईना, त्यांत सत्याग्रही जाऊन बसले!

आगगाडीची गोष्ट निराळी. विरारहून मुंबईस रोजची गाडी १८६७ सालींच सुरू झाली होती. पुढें १९२५ सालीं बोरीबंदर ते कुर्ला व १९२८ सालीं कुलाबा ते बोरिवली ही वाहतूक विजेवर चालूं लागली. गाड्या वाढल्या, मासिक पासानें रोजचें भाडें पुष्कळ उतरलें. ही सोय थोर खरी. पण अंतर पैशांनीं स्वस्त झालें, तासांनीं नव्हे. आणि हा तासांचा हिशोब आमच्या घरीं पुरता उमगला.

माझे वडील लालबागच्या एका गिरणींत सांच्यावर काम करीत. चाळीपासून गिरणी दहा मिनिटांच्या वाटेवर. पहिली पाळी सुटली कीं दुपारीं चार वाजतां ते घरीं. मग मला पाढे म्हणावयास लावीत. १९८२ च्या जानेवारींत संप सुरू झाला आणि ती गिरणी आमच्यापुरती कायमची मिटली. लालबागची खोली विकून आम्ही डोंबिवलीस गेलों. वडिलांना वरळीस एका कचेरींत पहारेकऱ्याची नोकरी मिळाली. घर ते कचेरी दोन तास, तितकेच परत. पाससाठीं पैसे पडत ते पगाराच्या मानानें थोडे. तक्रार करण्याजोगे मुळींच नव्हेत. परंतु माझा धाकटा भाऊ तेव्हां दहा वर्षांचा होता. वडील निघत तेव्हां तो झोंपलेला, परतत तेव्हांहि झोंपलेला. त्याचे पाढे मींच घेतले.

रात्रीं वरळीहून दादरची बस चुकली म्हणजे पुढची लोकल चुके, आणि तास गेला. यावर त्या मंडळींनीं स्वतःच उपाय शोधिला. शेजारच्या कचेऱ्यांतील दोन शिपाई, एक लिफ्टवाला व वडील असे चौघे मिळून दादरपर्यंत टॅक्सी करीत व भाडें वांटून घेत. एकट्याला टॅक्सी हा उधळेपणा. चौघांत ती बसपेक्षां थोडी महाग, एवढेंच. मुंबईच्या स्टेशनांबाहेर रांगेनें उभ्या राहणाऱ्या शेअर टॅक्सींचें तत्त्वहि हेंच. ज्या दिवशीं ही टॅक्सी जमे, त्या दिवशीं वडील साडेनऊला घरीं पोहोंचत आणि भाऊ जागा सांपडे. आई त्या रात्रीं भात उशीरां टाकी.

बेस्टनें २०१९ च्या जुलैंत बसचें किमान भाडें पांच रुपयांवर आणिलें, तेव्हां शहरांतल्या पुष्कळ घरांस हायसें वाटलें. २०२५ सालीं तें दहा झालें. जाऊन येऊन दहा रुपये अधिक. सव्वीस दिवसांचे दोनशें साठ. भाडेवाढीची तारीख होती ९ मे. घोड्यांची ट्राम निघाली तीहि याच तारखेस, एकशें एक्कावन्न वर्षांपूर्वीं.