दिनविशेष : १६ सप्टेंबर
झेरॉक्सच्या दुकानाचा निकाल

नवी दिल्ली, २०१६. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी 'रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिसेस' आणि दिल्ली विद्यापीठाविरुद्ध केलेला दावा दिल्ली उच्च न्यायालयाने आजच्या दिवशी फेटाळला. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातील या दुकानात अभ्यासक्रमातील पुस्तकांची निवडक पाने एकत्र बांधून विद्यार्थ्यांना मिळत. न्या. राजीव सहाय एंडलॉ यांनी कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मधील शिक्षणासाठीच्या सवलतीचा आधार घेत हा स्वामित्वहक्काचा भंग नसल्याचे ठरवले.

ग्रंथालयात बसून हाताने उतरवून घेणे गुन्हा नाही, तर तेच काम यंत्राने सोपे झाले म्हणून तो गुन्हा ठरत नाही, हा या निकालाचा गाभा. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये याच न्यायालयाच्या खंडपीठाने प्रकरण मर्यादित तपासणीसाठी परत पाठवले, पण या सवलतीचा व्यापक अर्थ मान्य केला. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला.

महागडी परदेशी पुस्तके विकत घेणे न परवडणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला या निकालाने आधार दिला. विधी महाविद्यालयांत बौद्धिक संपदा शिकवताना तो आजही अभ्यासला जातो. स्वामित्वहक्काचा तोच प्रश्न आता नव्या यंत्राबाबत उभा आहे: पुस्तकांवर, बातम्यांवर कृत्रिम बुद्धिमत्तेला शिकवावे का, हा वाद २०२४ मध्ये 'एएनआय' या वृत्तसंस्थेने 'ओपनएआय' या कृत्रिम बुद्धिमत्ता कंपनीविरुद्ध याच न्यायालयात नेला. यंत्र बदलले, पण लेखकाचा हक्क आणि समाजाची ज्ञानाची गरज यांचा तोल सांभाळण्याची जबाबदारी तीच आहे. त्या तोलात गरीब विद्यार्थ्याचे पारडे विसरता कामा नये.