मानेला पट्टा बांधता येत नाही

आज लढाईची गोष्ट नाही, पण सुरुवात फौजेतल्याच एका वस्तूने करतो : टूर्निकेट. हातापायातून रक्त वाहू लागलं की जखमेच्या वर आवळायचा पट्टा.

मी सेंट जॉर्ज किल्ल्यात नोकरी केली. १६६४ साली तिथेच कंपनीच्या आजारी शिपायांसाठी दवाखाना निघाला. चेन्नई सेंट्रलसमोरचं सरकारी जनरल हॉस्पिटल हे त्याचंच वाढलेलं रूप. त्या शिपायांवर चाकू चाले तो जागेपणी. भूल यायला अजून १८२ वर्षं होती.

गेल्या वर्षी चेन्नईतच माझ्या पत्नीचं थायरॉइडचं ऑपरेशन झालं. तिने भूलतज्ज्ञ बाईंना एकच विचारलं, "रात्री किती दुखेल?" त्या म्हणाल्या, "मानेच्या दोन्ही बाजूंना नर्व्ह ब्लॉक देऊ. तो जास्त टिकावा म्हणून त्यात आणखी एक औषध मिसळू." ते 'टिकावा' माझ्या डोक्यात बसलं आणि मी वाचायला लागलो.

१८८४ मध्ये कार्ल कोलरने कोकेनने डोळा बधिर करून दाखवला. पण वाहतं रक्त औषध धुऊन नेतं, म्हणून असर लवकर ओसरे. १८८५ मध्ये न्यूयॉर्कच्या कॉर्निंगने पट्टा आवळून रक्त थोपवलं आणि बधिरपणा लांबला. आमचंच टूर्निकेट!

पण मानेला पट्टा कसा आवळणार? उत्तर जर्मनीच्या हाइन्रिश ब्राउनने दिलं. १९०३ मध्ये त्याने कोकेनमध्ये अ‍ॅड्रेनलिन मिसळलं. रक्तवाहिन्या आकसल्या, औषध जागेवर राहिलं. १९५७ मध्ये स्वीडनमध्ये ब्युपिवाकेन तयार झालं. ते मुळातच कित्येक तास टिकतं. आता त्यात डेक्सामेथासोन किंवा डेक्समेडेटोमिडिन मिसळून आणखी काही तास मिळवतात. डेक्समेडेटोमिडिनने नाडी मंदावू शकते, म्हणून मॉनिटरवर नजर ठेवावी लागते.

एवढा खटाटोप कशाला? दुखणं कमी, तर मॉर्फिनसारखी औषधं कमी. ती कमी, तर उलट्या कमी. उलटीच्या उमाळ्याने मानेवर ताण येतो, आणि टाक्यांखाली रक्त साठलं तर श्वासनलिका दाबली जाते. पहिले चोवीस तास म्हणूनच पहाऱ्याचे.

ब्लॉकने घशातली नळीची खवखव थांबत नाही; तीही झाली. पहाटे तीनला टाके ठसठसू लागले. तोवर ती शांत झोपली होती. मी मात्र फौजी सवयीने जागाच होतो. सकाळी बसक्या आवाजात तिने फिल्टर कॉफी मागितली.